माझ्या पोटातलं तेल

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बाटली आहे. बुटकी, जाड बुडाची, रंगाने हिरवट. माझ्या पोटावर एक बुडबुडा आहे, तो जन्मापासूनचा. भट्टीवरच्या कारागिराला ऐन वेळी शिंक आली असणार, अशी मी आपली स्वतःची समजूत घातली आहे. माझ्या बरोबरीच्या सडपातळ बाटल्या अत्तराच्या दुकानात गेल्या आणि माझ्या वाट्याला खोकल्याचं औषध आलं. तेव्हा मी फार रुसले होते. पण अत्तराच्या बाटल्यांना कोणी साक्षीला बोलावत नाही, मला बोलावलं. तेच तर सांगायचं आहे.

औषधासकट मला एका शिंप्याने घरी आणलं. त्याला सगळे भाऊ म्हणत, कारण त्याची मोठी बहीण ताई त्याला तशीच हाक मारायची. घर दोघांचं, जमीन दोघांच्या नावावर. पुढच्या खोलीत भाऊचं शिलाईचं दुकान, मागच्या अंगाला ताईची रोपवाटिका, आणि तिच्या टोकाला विहीर. ताईची हजारो रोपं त्या एका विहिरीच्या पाण्यावर जगत होती. भाऊचा खोकला बरा झाला, औषध संपलं आणि त्याने माझ्यात शिलाई मशीनचं तेल भरलं. पुढची बारा वर्षं मी खिडकीच्या फळीवर, कात्री आणि खडू यांच्या मधे उभी होते. भाऊ रोज सकाळी आधी मशीनला दोन थेंब पाजायचा, मग स्वतः चहा प्यायचा. "माझी खरी भागीदार ही," असं गिऱ्हाइकांना माझ्याकडे बोट दाखवून सांगायचा. मी आतल्या आत फुगायचे.

एके दिवशी सकाळी रोपवाटिकेत चार अनोळखी माणसं शिरली आणि वाफ्यांमधून लाल झेंड्या रोवत सुटली. विचारणं नाही, सांगणं नाही. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने एकेक झेंडी उपटली, जुडी बांधली आणि फाटकाशी नेऊन त्यांच्या हातात दिली. दुपारी पिवळी टोपी घातलेले एक साहेब आले. त्यांनी चुकीबद्दल माफी मागितली आणि मग सांगितलं, की रोपवाटिकेच्या जमिनीखाली तेल असावं असा त्यांच्या कंपनीचा अंदाज आहे, एक खोल भोक पाडून बघायचं आहे.

तेल म्हटल्यावर भाऊ हुरळून गेला. ताईने मात्र विचार करायला वेळ मागितला. योगायोगाने त्याच आठवड्यात एक वकीलबाई कोटाचं अस्तर बदलायला दुकानात आल्या. भाऊ त्यांच्या खांद्याचं माप घेत असताना ताईने त्यांना सगळं विचारून घेतलं. वकीलबाईंनी उभ्याउभ्याच समजावलं. जमिनीच्या पोटातलं तेल सरकारचं, तेव्हा कंपनीला परवानगी असेल तर कायमचं अडवता येणार नाही. पण वरची जमीन तुमची. कोणत्या वाटेने यायचं, विहिरीपासून किती लांब खणायचं, वरची माती कुठे जपून ठेवायची, जाताना सगळं पहिल्यासारखं कसं करून द्यायचं, हे आधी कागदावर लिहून मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आणि सगळ्यात आधी विहिरीचं पाणी तपासून घ्या. आज पाणी कसं आहे याचा पुरावा नसेल, तर उद्या ते बिघडलं म्हणून कोणाकडे दाद मागणार?

ताईने पाणी तपासायला न्यायचं काम भाऊवर सोपवलं. आणि मित्रांनो, इथे माशी शिंकली. शाळेचे गणवेश शिवायची घाई होती. भाऊने इकडेतिकडे पाहिलं, त्याला हाताशी मीच दिसले. माझ्यातलं तेल त्याने वाटीत ओतलं, मला विहिरीवर नेऊन गार पाण्याने तीनदा खळखळून धुतलं, पाणी भरलं आणि प्रयोगशाळेत देऊन आला. अहो, बारा वर्षांचा तेलकटपणा गार पाण्याने जातो का? मला कळत होतं, पण मी बापडी बोलणार कशी!

आठवड्याने अहवाल आला आणि त्याच्याबरोबर मीही परत आले. अहवालात स्पष्ट लिहिलं होतं, की पाण्यात खनिज तेलाचा अंश आहे.

भाऊला आकाश ठेंगणं झालं. विहिरीतच तेल आलं म्हणजे खाली समुद्र असणार, असं तो येईल त्या गिऱ्हाइकाला सांगू लागला. लोक अभिनंदनाला यायचे आणि आलोच आहोत तर म्हणून पँटचं मापही देऊन जायचे. चार दिवसांत भाऊ साऱ्या गल्लीचा लाडका झाला. कंपनीचीही पावलं लगबगीने पडली. पिवळ्या टोपीवाले साहेब करारनामा घेऊन हजर झाले. ताईने मागितलेल्या सगळ्या अटी त्यात होत्या. भाऊने पेनाचं टोपण काढलंसुद्धा.

ताई मात्र ओळीवर बोट ठेवून एकेक पान वाचत होती. अकराव्या कलमापाशी तिचं बोट थांबलं. तिथे लिहिलं होतं, की विहिरीच्या पाण्यात काम सुरू होण्याआधीपासूनच तेल आहे, सबब पाणी पुढे खराब झाल्यास कंपनी जबाबदार राहणार नाही.

माझ्या काचेला घाम फुटला. एका सहीने ताईची विहीर वाऱ्यावर सोडली जाणार होती आणि ते सगळं माझ्यामुळे.

साहेब नम्रपणे म्हणाले, की हे आम्ही मनाने लिहिलेलं नाही, तुमच्याच अहवालात आहे. ताई म्हणाली, "एवढं तेल असतं तर माझी रोपं केव्हाच जळून गेली असती." ती उठली, खिडकीपाशी आली, माझं बूच काढलं आणि तिने मला हुंगलं. मग तिने माझ्या पोटावरच्या बुडबुड्यावरून अंगठा फिरवला आणि भावाकडे पाहिलं. मला टेबलावर ठेवलं आणि परत खुर्चीत बसली.

खोलीत आणखी दोन गिऱ्हाइकं होती. खरं बोललं तर भाऊची फजिती साऱ्या गल्लीत होणार, आणि गप्प राहिलं तर ताईची विहीर जाणार. भाऊने पेनाचं टोपण लावलं.

"साहेब, विहिरीत तेल नाही," तो म्हणाला. "बाटलीत होतं. माझ्या मशीनचं. चूक माझी आहे."

मित्रांनो, त्या क्षणी मला भाऊचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा बारा वर्षांत कधी वाटला नव्हता. साहेब आधी गोंधळले, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. गिऱ्हाइकं तर पोट धरून हसली. लाजेने लाल झालेल्या भाऊने मला फेकून द्यायला उचललं. ताईने मला त्याच्या हातातून काढून घेतलं.

"तिच्यावर कशाला राग काढतोस?" ती म्हणाली. "तू दिलेलं तेल तिने सांभाळूनच ठेवलं होतं."

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या माणसाने स्वतःच्या कोऱ्या बाटल्या आणल्या. ताई आणि साहेब दोघांच्या देखत पाणी भरलं, बाटल्यांना लाख लावली, दोघांनी सह्या केल्या. एक बाटली घरीच ठेवली, माझ्या शेजारी. फार ताठ होती, पण पुढे आमची मैत्री झाली. नवा अहवाल आला, पाणी स्वच्छ निघालं. अकरावं कलम बदललं आणि मगच बहीणभावाच्या सह्या झाल्या.

कंपनीची यंत्रं मागच्या फाटकाने आली. चार महिने खिडकीची फळी हादरत होती, मला दात असते तर वाजले असते. चौथ्या महिन्यात विहिरीचं पाणी गढूळ झालं, त्याला वास येऊ लागला. रोपांची पानं वळायला लागली. ताईने कंपनीला कळवलं, तर मुख्य कार्यालयाचं पत्र आलं, की तुमच्या विहिरीत आधीपासूनच तेल आहे. कुठल्याशा कपाटातून त्यांनी तो जुना अहवाल शोधून काढला होता. मला पुन्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण आता ताईकडे पुरावा होता. तिने नवा अहवाल आणि लाखबंद बाटली टेबलावर मांडली. पिवळ्या टोपीवाल्या साहेबांनी स्वतः कार्यालयाला फोन लावून सांगितलं, की या बाटलीवर माझी सही आहे, पाणी स्वच्छ होतं. त्यानंतर टाळाटाळ झाली नाही. रोज सकाळी पाण्याचे टँकर आले, कंपनीने विहीर उपसून धुऊन दिली, आणि तपासणीत पाणी पुन्हा स्वच्छ ठरेपर्यंत टँकर थांबले नाहीत. ताईने पहिला पेला भाऊला प्यायला दिला. त्याने तो आधी हुंगून पाहिला, तेव्हा ताई कितीतरी दिवसांनी खळखळून हसली.

आणि खालचं तेल? थेंबभरही लागलं नाही. कंपनीने भोक बुजवलं, बाजूला राखलेली माती परत पसरली आणि ती निघून गेली. आता तिथे ताईची रोपं डोलतात.

मी अजून फळीवरच आहे. भाऊने माझ्यावर एक चिठ्ठी चिकटवली आहे, 'तेल. फक्त तेल.' मित्रांनो, तुमच्या दारात कोणी कागद घेऊन आलं, तर अकराव्या कलमापर्यंत नक्की वाचा, आपलं जे आहे त्याचा पुरावा जपा, आणि कृपा करून बाटली गरम पाण्याने धुवा. एवढी यंत्रं आली, एवढं खोल खणलं, पण त्या जमिनीवर तेल निघालं ते एकट्या माझ्या पोटातून, आणि तेही कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेलं.