चौथ्या पत्त्यावरची कोकिळा

मला वर्गात मोठ्याने बोलायची भीती वाटायची. मास्तर असून हे सांगताना आजही संकोच होतो. १९५८ साली बोर्लीपंचतनजवळच्या एका किनाऱ्यावरच्या शाळेत मी एकटाच शिक्षक होतो. खोली एक, इयत्ता चार. एका इयत्तेला शिकवायला लागलो की बाकीच्या तीन गोंधळ घालत, आणि ओरडणं मला जमत नसे.

म्हणून मी पत्ते केले. साबणाच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून त्यांवर बोरूने गणितं लिहिली. प्रत्येक पत्त्याखाली पुढची वाट लिहिलेली असे: अमुक उत्तर आलं तर सातवा पत्ता घे, तमुक आलं तर नववा. ज्याला येतं तो पुढे जाई, ज्याचं चुकतं त्याला दुसरा पत्ता समजावून सांगे. मुलं आपापली शिकत आणि मला तोंड उघडावं लागत नसे. गावात बायका म्हणत, "मास्तर पोरांना पत्ते खेळवतात." मी ऐकून न ऐकल्यासारखं करी.

चौथीत सहा मुलं होती. पाच वरच्या आळीतली, बागायतदारांची. सहावी कोकिळा, कोळीवाड्यातली. तिचे वडील तुळशीराम दुसऱ्याच्या होडीवर जात. ती चौथी पास झाली तर जूनमध्ये बोर्लीला पाचवीत जाणार होती. कोळीवाड्यातून तिथे गेलेली ती पहिलीच मुलगी ठरली असती.

तिसऱ्या पत्त्यावर मी लिहिलं होतं: होडीवर पाच जण आहेत. साठ पापलेटं मिळाली. सारखे वाटे केले तर एकाला किती? बारा आलं तर पाचवा पत्ता. दुसरं काही आलं तर चौथा. आणि चौथ्यावर: चुकलं. वाटे नीट मोज आणि तिसऱ्या पत्त्यावर परत जा.

तीन दिवस कोकिळा मान खाली घालून पत्ते उलटत होती. मला वाटलं, किती मन लावून करते आहे. चौथ्या दिवशी ती आली नाही. पाचव्याही दिवशी नाही. आठवडा गेला तेव्हा मी कोळीवाड्यात गेलो. जाताना दोनदा परत फिरलो होतो.

तिची आई नीराबाई मांडवावर बोंबील वाळत घालत होती. कोकिळा तिला टोपलीतून बोंबील काढून देत होती. मला पाहून ती टोपलीमागे सरकली.

"मास्तर, पोर म्हनते तिला गनित येत न्हाय," नीराबाई म्हणाली. "तीन दिस एकाच ठिकानी फिरली. मंग कशाला पाठवू? इथं दोन हात तरी मिळतात."

"कोकिळा, तुझं उत्तर काय येत होतं?" मी विचारलं.

टोपलीआडूनच ती पुटपुटली, "धा."

"दहा कसे? पाच जणच आहेत ना?"

"पाच मानसं नि एक होडी."

"होडी?"

नीराबाईच्या हातातला बोंबील तसाच राहिला. मग ती एवढी हसली की शेजारच्या मांडवावरची बाई डोकावली. "अगो बाय, ऐकलंस का? मास्तरांना होडीचा वाटा म्हायती न्हाय! होडी काय फुकट जाते दर्यात? तिच्या मालकाला कोन देनार?"

मी नारळ-सुपारीच्या बागेत वाढलेलो. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. वाटे मोज, असं मीच लिहिलं होतं. तिने दर वेळी मोजले होते, आणि दर वेळी ते सहाच भरले होते.

"आनि जाळं तिसऱ्याचं असंल तर त्याचाबी वाटा," नीराबाईला आता रंग चढला होता. "साठाचे सात करा बघू, मास्तर."

मी मनात भागाकार केला. "आठ-आठ. चार उरतात."

"ती कालवनाला!" कोकिळा एकदम बोलली, आणि बोलल्यावर तोंडावर हात ठेवला.

"तुझं बरोबर होतं," मी म्हणालो. "पत्ता चुकला. मी चुकलो."

तिने आईकडे पाहिलं. "आये, मास्तरांचं चुकतं व्हय?"

"चुकतं म्हनतायत ना तोंडानं! मी काय सांगू?" नीराबाईने हात पुसले. माझ्याकडे न बघता म्हणाली, "येल उद्या. पन बोंबील पलटून झाल्यावर. आधी न्हाय."

दुसऱ्या दिवशी ती उशिरा आली. मी नवा चौथा पत्ता करून ठेवला होता: दहा आले? म्हणजे तू होडीचा वाटा धरलास. तेही बरोबर आहे. तो वाचून तिने पत्ता उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"मास्तर, इथनं पुढं कुठं जाऊ? आकडा न्हाय."

खरंच नव्हता. एवढ्या घाईत मी तोच लिहायचा विसरलो होतो. मी बोरू तिच्यापुढे ठेवला. तिने थोडा विचार केला, पाच लिहिला, आणि पाचवा पत्ता काढून घेऊन भिंतीशी जाऊन बसली.