तीन बोटं वाढ

बसलिंगप्पांनी निळ्या कापडाचा तुकडा दोन्ही हातांनी ताणला आणि सोडला. तो चटकन आखडून जागच्या जागी आला. त्यांनी पुन्हा ताणून पाहिला, पहिल्यांदा त्यानं काही लबाडी केली असेल तर कळावी म्हणून.

"ह्यो ड्रेस हाय का मोजा?" त्यांनी नातीला विचारलं.

"लिओटार्ड, अज्जा. जिम्नॅस्टिकचा. अंगाला चिकटूनच पाहिजे म्हणाल्या मॅडम."

शिवलीला अकरा वर्षांची. दोन्ही पायांवर सरळ उभं राहण्याचा तिला मुळातच कंटाळा. मापं देतानाही ती एकाच पायावर उभी होती. रविवारी ती पहिल्यांदाच जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरणार होती.

बसलिंगप्पांनी चाळीस वर्षं सोलापुरातल्या शाळांचे गणवेश शिवले होते. पोरांचा कपडा कापताना दोन बोटं वाढ ठेवायची, हा त्यांचा नेम. यंदा अंगात लोंबणारा शर्ट पुढच्या वर्षी नेमका बसला पाहिजे. आता मात्र सुईचं भोक दिसेनासं झालं होतं, आणि वैरागचा कल्लप्पा सोमवारी त्यांची शिलाई मशीन विकत न्यायला येणार होता. म्हणजे शिवूचा हा कपडा शेवटचाच. म्हाताऱ्याचं काळीज ते. या खेपेला त्यांनी तीन बोटं वाढ ठेवली. आपली मशीन गेली तरी पोरीला दोन वर्षं पुरेल, असा त्यांचा हिशेब.

शनिवारी सकाळी शिवलीला तो घालून आली आणि ओसरीवर हातांवर उभी राहिली. पोटावरचं सैल कापड घसरून छातीशी गोळा झालं आणि तिची हनुवटी त्यात बुडाली. खाली उतरून तिनं ते ओढून सारखं केलं.

"लई छान झालाय, अज्जा," ती म्हणाली आणि झटकन आत गेली.

बसलिंगप्पा दिवसभर खुशीत होते. संध्याकाळी नातीच्या पिशवीत पाण्याची बाटली ठेवायला गेले, तर आत एक विटका तांबडा लिओटार्ड घडी करून ठेवलेला. त्यांनी तो सुनेला दाखवला.

महेश्वरीनं तो त्यांच्या हातातून घेतला. मग म्हणाली, "तिच्या क्लासातल्या दानेश्वरीचा जुना मागून आणलाय, मामा. तुमचा ढिला होतोय. उडी मारताना हात अडकला तर पडंल की पोरगी. तुमाला सांगायचं न्हाय म्हणून शपथ घातलीय तिनं मला."

त्यांना लागलं. चाळीस वर्षांत त्यांचा कपडा कुणी असा गुपचूप बाजूला ठेवला नव्हता. त्याहून पोरीनं आपल्याला जपावं, इतकी ती मोठी कधी झाली, हे त्यांना उमजेना. ते उठले, निळा कपडा खुंटीवरून काढला आणि ब्लेडच्या पात्यानं शिवण उसवायला बसले.

"शिवू, हिकडं ये."

ती दारातच थांबली. "रागावलाय काय?"

"ये, माप घेऊ दे. ह्या बारीला दोन्ही पायांवर हुबी ऱ्हा."

ती उभी राहिली. त्यांनी टेप आवळून धरली आणि दोऱ्यासाठी हात पुढं केला. सुई तिनंच ओवून दिली.

"आता घट्ट केला तर पुढच्या वर्षी व्हायचा न्हाय बघ तुला."

"मग पुढच्या वर्षी दुसरा शिवा की," ती म्हणाली.

तिला ते अगदी सरळ वाटत होतं. बसलिंगप्पांनी वाढीची तिन्ही बोटं कापून टाकली.

रविवारी ती पाचवी आली. बाकी कोण किती गुण घेऊन गेलं ते बसलिंगप्पांना सांगता आलं नसतं. त्यांची नजर सगळा वेळ तिच्या पाठीवरच्या शिवणीवर होती. तिथं एक सुरकुती पडली नाही.

सोमवारी कल्लप्पा टेम्पो घेऊन आला, तेव्हा ते मशीनला तेल घालत होते.

"कशाला तरास घेताय मास्तर, आमी घातलं असतं की तेल."

"बस. चहा घे. मशीन द्यायची न्हाय आता."

"का ओ? ठरलं हुतं की आपलं."

बसलिंगप्पांनी चिंधीनं चाक पुसलं आणि एकदा फिरवून पाहिलं.

"पोरगी वाढायलीय," ते म्हणाले.