बायनाबाईंनी सांगून ठेवलं

बायनाबाईंना डायलिसिससाठी परभणीला नेणं गोपाळच्या अंगवळणी पडलं होतं. गंगाखेडहून एस.टी., पुढं रिक्षा, मग यंत्राशेजारची खाट. माघारी येताना आई खिडकीला डोकं टेकून निपचित बसायची. संक्रांतीनंतर एकदा ती बसमध्येच म्हणाली, “गोपाळा, आता बास. पुढच्या खेपेला मला आणू नको.”

“सुई लय दुखली का, माय?”

“सुईचं काय न्हाई. जीव शिणलाय.”

गोपाळ चिडला. घरी गेल्यावरही धड बोलेना. शेवटी बायको शालूच म्हणाली, “रुसून काय व्हतंय? डॉक्टरबाईला इचारा की.”

डॉक्टरबाईंनी काही लपवलं नाही. डायलिसिस बंद केलं तर फार दिवस निघणार नाहीत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. “पण त्रास कमी करता येतो,” त्या म्हणाल्या. धाप लागली तर कोणतं औषध द्यायचं, डोकं किती उंच ठेवायचं, सगळं त्यांनी गोपाळला शिकवलं. आपला फोन नंबर दिला आणि बायनाबाईंना म्हणाल्या, “मन बदललं तर केव्हाही या.”

बायनाबाईंनी मानवतहून लेकीला, राजनंदिनीला बोलावून घेतलं. धाकटे दीर दिनकरराव गावातच होते, त्यांनाही निरोप गेला. सगळं ऐकून दिनकरराव तडकले.

“वैनी, लोक म्हणतील पोरानं इलाज बंद केला.”

“म्हणूनच तुमाला बोलावलं, भावजी. हे मी ठरवलंय, गोपाळनं न्हाई.” बायनाबाई थांबत थांबत बोलत होत्या. “ह्यांच्या वक्ताला दवाखान्यात मी काचेबाहेर उभी व्हते. नळी उपटू नये म्हणून ह्यांचे हात बांधलेले. ते पाणी मागायलते का मला बोलवायलते, अजून कळलं न्हाई. मला नळी नको, यंत्र नको. हात तेवढा कुणीतरी धरा.”

दिनकरराव चहा न घेताच निघून गेले.

परभणीची खेप बंद झाली, तसं गोपाळनं रान गड्यावर सोडलं. आईला कुशीवर वळवणं, अंग पुसणं तो शिकला. पहिल्या दिवशी लाजून त्यानं तोंड फिरवलं, तर बायनाबाई म्हणाल्या, “तिकडं पाहून कसं पुसशील? नीट पाहून पूस.” राजनंदिनीला हसू आवरेना. शालूनं इतके महिने वर्ज्य असलेलं लिंबाचं लोणचं बोटभर चाटवलं, तेव्हा म्हातारीनं डोळेच मिटून घेतले.

एका दुपारी धाप वाढली. गोपाळनं औषध दिलं, पण आईचा घरघरणारा श्वास ऐकून त्याचा धीर सुटला. त्यानं ॲम्ब्युलन्स बोलावली. कुणीतरी सांगितलं म्हणून दिनकरराव धावत आले.

“काका, उचला! नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात नेऊ.”

दिनकररावांनी त्याचं मनगट धरलं. “वैनीनं काय सांगितलंय?”

“मला बघवंना, काका.”

“मलाबी न्हाई. त्या दिवशी उठून गेलो, पर वैनीचं बोलणं डोक्यातून गेलं न्हाई. तू बस तिच्यापाशी. डॉक्टरबाईला फोन लाव.”

डॉक्टरबाईंनी फोनवरून सांगितलं तसं गोपाळनं औषध पुन्हा दिलं. गाडी दारात आली, तेव्हा दिनकररावांनी ड्रायव्हरला हात जोडून माघारी धाडलं. शेजारचे आश्रुबा कुरकुरले, तसे ते म्हणाले, “वैनीनं शुद्धीत सांगितलंय. मी हजर व्हतो.” मग आत येऊन भिंतीला टेकून बसले.

हळूहळू श्वास निवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बायनाबाई गेल्या. एक हात गोपाळच्या हातात होता, दुसरा राजनंदिनीच्या.

माती झाल्यावर गोपाळनं डॉक्टरबाईंना फोन केला. “माय गेली. लय तकलीफ न्हाई झाली,” त्यानं सांगितलं.

पलीकडून विचारणा झाली, “आणि तुम्ही कसे आहात?”

इतक्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. गोपाळ ओट्यावर खाली बसला आणि फोन कानाला लावूनच पोटभर रडला. डॉक्टरबाईंनी फोन ठेवला नाही.