अदृश्य हातातला खराटा

चैत्रातल्या पहाटे मोहाची फुलं पडतात तेव्हा त्यांचा आवाज ऐकायला कान नव्हे, संयम लागतो. टप् म्हणावं एवढाही तो ठळक नसतो; मऊ, रसाळ, अंगातल्या गोडीने जड झालेलं काहीतरी मातीला टेकतं, एवढंच. बोरकुटे सरांच्या अंगणात मात्र त्या आवाजावर दुसरा एक आवाज स्वार झालेला असे: खर्र, खर्र, खर्र. पांढरी बंडी, गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं धोतर आणि हातात बांबूच्या काड्यांचा खराटा. पहाटेच्या निळ्या उजेडात सर अंगण झाडत असत, आणि त्यांच्या मागे मातीवर अर्धवर्तुळांच्या रांगा उमटत जात. जणू कुणी समुद्र न पाहिलेल्या माणसाने लाटा काढल्या आहेत.

हेच सर आयुष्यभर सिंदेवाहीच्या ज्युनियर कॉलेजात अर्थशास्त्राच्या तासाला शिकवत आले की जगात कुणी कशात हात घालू नये.

फ्रान्सच्या एका मंत्र्याची गोष्ट ते दर वर्षी नव्याने सांगत. मंत्र्याने व्यापाऱ्यांना विचारलं, सरकारने तुमच्यासाठी काय करावं? व्यापारी म्हणाले, आम्हाला आमच्यावर सोडा. इथे सर दोन्ही तळवे उघडून हवेत असे सोडत की त्यांच्या मुठीतून एखादं पाखरू उडालं असावं. त्या हावभावात एक अख्खं शतक सामावलेलं होतं. मग स्कॉटलंडचा तो तत्त्वज्ञ यायचा आणि त्याच्यामागून त्याचा अदृश्य हात, जो प्रत्येकाच्या स्वार्थाला न कळत सगळ्यांच्या भल्याकडे वळवतो. सरांनी घड्याळालाही मोकळं सोडलं होतं, ते वीस मिनिटं मागे चाले. केसांना मोकळं सोडलं होतं. फाटकाला कडी नव्हती, कारण कडी हा हस्तक्षेप.

मी त्यांची विद्यार्थिनी, आणि त्यांच्या दृष्टीने त्यांचं अपयश. आमच्या घरी वडिलांच्या चळवळीची पत्रकं गठ्ठ्यांनी असत; त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. ‘अन्याय’ हा शब्द मला ‘आंबा’च्या आधी लिहिता येत होता. वर्गात मी उभी राहून विचारलं होतं, दुष्काळात माणसं मरत असताना धान्याच्या बाजारात हात घालायचा नाही, म्हणून गोऱ्या साहेबांनी गाड्या भरून धान्य बाहेर जाऊ दिलं, तेव्हा तुमचा अदृश्य हात कुठे होता? सरांनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाले, “बस. हा प्रश्न माझ्या पुस्तकात नाही. पण तू विचारत राहा, पत्रकबाई.” त्या दिवसापासून माझं तेच नाव पडलं आणि त्या दिवसापासूनच मला त्यांच्याशी भांडायचं व्यसन लागलं.

निवृत्त झाल्यावर सरांनी धानोऱ्यापासून थोडं आत, एका गावात जागा घेतली. जागेवर जुनं, छत्रीसारखं पसरलेलं मोहाचं झाड होतं. पहिल्याच चैत्रात त्यांनी चहाच्या टपरीवर जाहीर केलं, “झाड सगळ्यांना मोकळं आहे. ज्याला हवं त्याने यावं, वेचावं. मी आड येणार नाही.” आणि दुसऱ्या दिवसापासून ते प्रयोगाच्या निकालाची वाट पाहत, नेहमीप्रमाणे अंगण झाडून, व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले.

कुणी आलं नाही.

फुलं पडत राहिली, सरांनी झाडून कडेला लावलेल्या ढिगात सडत राहिली. आधी पिवळसर, मग तपकिरी, मग त्यांचा तो आंबूस, जड वास अंगणभर साचला. माणसं कुंपणापर्यंत येत, आत बघत आणि टोपल्या कमरेला लावून परत जात. एक अस्वल तेवढं रात्री येऊन जाई; त्याच्या पंजांचे ठसे सर सकाळी मोठ्या आदराने पाहत आणि मग तेही झाडून टाकत.

मी गेले तेव्हा सर खचले होते. “मागणीच नाही,” ते म्हणाले, “मालाला मागणी नाही, हे मी कुठल्या पुस्तकात वाचू?” मला मात्र सगळं लख्ख दिसलं: व्यापाऱ्यांचा कट. मी पत्रक लिहिलं, ‘मोहफुलांचा मूक बहिष्कार आणि मक्तेदारांचा पंजा’, आणि धानोऱ्याच्या बाजारात वाटलं. मोहफुलांचे व्यापारी रज्जाकभाई यांनी ते आपल्या काट्याशेजारी उभं राहून शेवटपर्यंत वाचलं.

“ताई,” ते दुःखाने म्हणाले, “मी गरिबाचा दुश्मन, ते कबूल. पण मले तं माल पाह्यजे. बहिष्कार टाकून मी काय इथी माश्या तोलू?”

हा मुद्दा माझ्या पत्रकात सुटला होता.

माझा मुक्काम सरांकडेच होता; तिसऱ्या दिवशी सकाळी कुंपणाशी वच्छलाबाई उभी राहिली. शेजारची, धानाच्या लहानशा तुकड्यावर घर चालवणारी, आणि बोलणं धारदार. सर झाडत होते. ती पाहत राहिली आणि मग तिचा बांध फुटला.

“सर, एक इचारू का जी?”

“विचारा, बाई.”

“हे मोह माह्या सासूनं वेचलं, मंग मी वेचलं. जागा तुमी घेतली, ठीक हाय. पण रोज सकाळी तुमी झाडून राह्यले अन् वेचून नाई राह्यले. वेचाचं नाई तं झाडता काऊन? पावसात रस्ता बंद झाला का माह्या घरचं मीठ-तेल ह्याच फुलाईवर चालते. अन् ते इथी सडून राह्यले!”

“पण मी तर सांगितलं होतं, झाड मोकळं आहे!”

“तोंडानं मोकळं म्हनता अन् खराट्यानं कब्जा करता!”

तेव्हा उलगडा झाला. त्या गावात मोहाखालची जागा जो साफ करतो, त्याचं त्या हंगामाचं मोह. दुसरा कुणी तिथलं फूल उचलत नाही. त्याला ना कागद लागतो, ना शिक्का, ना कुंपण. ज्या माणसाने फाटकाला कडी लावली नव्हती, तो रोज पहाटे, स्वतःच्या हातांनी, पुऱ्या गावासमोर आपली मक्तेदारी जाहीर करत होता.

“मले वाटलं भट्टी लावता,” वच्छलाबाई जरा वरमून म्हणाली. “गावभर मीच सांगतलं, सर दारू काढनार हाय म्हून.”

ज्यांना चहात लवंगही चालत नसे, ते सर हसायला लागले. इतके हसले की खराटा हातातून पडला, आणि तो तिने उचलला.

त्यानंतरची सकाळ मी विसरणार नाही. वच्छलाबाई झाडत होती आणि सर खुर्चीत बसून आयुष्यातलं सर्वांत अवघड काम करत होते: काहीच न करण्याचं. त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर नकळत खर्र, खर्र करत. शेवटी त्यांच्याने राहवलं नाही. “बाई, त्या कोपऱ्यात राहिलं.”

“सर,” ती मागे न बघता म्हणाली, “हस्तक्षेप नोका करू जी.”

पुढची कित्येक वर्षं आम्ही त्या झाडावर भांडलो. सर म्हणत, बघ, सरकारवाचून व्यवस्था उभी राहिली. मी म्हणे, बघा, बाजारावाचूनही उभी राहिली. ज्याची कुवत जास्त त्याला नव्हे, गावाने मानलं त्याला झाड मिळालं. वच्छलाबाई फुलं टोपलीत टाकत म्हणे, “दोघंही जरा पाय उचला, खाली फुलं हायेत.”

गेल्या पावसाळ्यात सर गेले. रस्ता बंद होता, मला वेळेत पोचता आलं नाही. यंदाच्या चैत्रात मी त्या अंगणात एकटीच बसले, कुणी प्रतिवाद करणारं नसल्यामुळे माझे सगळे मुद्दे पोकळ वाजत होते. झाड आहे. फाटकाला अजून कडी नाही. वच्छलाबाईने मोहाखालची जागा झाडली, मग तशीच वाकून ती व्हरांड्यापर्यंत आली आणि त्या रिकाम्या खुर्चीभोवतीची माती, जिथे मोहाचं एकही फूल कधी पडत नाही, तीही हळुवार, अर्धवर्तुळांत झाडून काढली.

“इथी कायले, बाई?” मी विचारलं.

“राहू दे,” ती म्हणाली, “ते बी आपलंच हाय.”

काळ कशात हस्तक्षेप करत नाही. पानांना पडू देतो, माणसांना जाऊ देतो, दोन्ही तळवे उघडून सगळं सोडून देतो. आठवण तेवढी त्याचं ऐकत नाही, आणि रोज पहाटे खराटा घेऊन येते.