एव्हरेटला हवी असलेली फिरकी

एव्हरेट कॉडिलचं पत्र मी सहा वर्षं पक्ष्यांवरच्या एका जाडजूड पुस्तकात खूण म्हणून वापरलं. पुस्तक पानकावळ्यांच्या पुढे गेलं नाही आणि पत्राला उत्तरही गेलं नाही. पत्र मोठं नव्हतं. वहीच्या पानावर शिसपेन्सिलीनं लिहिलेलं, आणि त्यात एकच प्रश्न होता.

‘लायल, इथं ओहायोत मुलीच्या घरामागे एक तळं आहे. त्यात एक म्हातारा बास मासा राहतो. मी तुझ्यासारखीच पांढरी-पोपटी, आमिषाची फिरकी त्याच्या नाकासमोरून फिरवतो, तर दारूच्या दुकानावरून पाद्री जावा तसा तो मान वळवून निघून जातो. सतरा एप्रिल झाले, त्या फिरकीवर मला तीन पौंडांच्या वर एक मासा लागलेला नाही. तू त्या दिवशी रीळ कसं फिरवलंस? हळू की जोरात? मला तुझा हात शिकव.’

मी आयुष्यभर आमच्या गावच्या ग्रंथालयात पुस्तकं देत-घेत होतो. लोक काहीही विचारायचे आणि मी शोधून द्यायचो. ह्या एका प्रश्नाचं उत्तर मात्र मला शोधावं लागणार नव्हतं, ते माझ्या मोज्यांच्या खणात पडलेलं होतं. म्हणून तर देता येत नव्हतं.

गेल्या मार्चमध्ये मिस व्हर्नेलचा निरोप आला की दुकानात येऊन जा. अलाबामातल्या आमच्या धरणाच्या काठावर तिचं आमिषांचं दुकान आहे. वयानं ती माझ्याएवढीच, नातवंडांना मुलं झालेली, पण साऱ्या गावाची ती अजून मिस व्हर्नेलच. मी गेलो तेव्हा ती उकडलेल्या शेंगा सोलत बसली होती.

“या, ग्रंथपालसाहेब! भिंतीला रंग लावायचाय. फळी उतरवतेय. तुझी फिरकी काढून घे आणि एव्हरेटला टपालानं पाठव.”

“एव्हरेटला? का?”

“फोन आला होता त्याचा. उसनी मागतोय. म्हणाला, दुकानातल्या फिरक्या नकोत, फळीवरचीच पाहिजे, तिच्यात काहीतरी आहे.” तिनं एक शेंग तोंडात टाकली. “तुला पत्र टाकलं होतं म्हणे. तू उत्तर नाही दिलंस.”

“राहून गेलं.”

“सहा वर्षं? तो काय म्हणाला माहितीये? म्हणाला, लायलला त्या माशाचं गुपित माझ्यापेक्षा जास्त प्यारं झालंय. ठेवू दे त्याला. मी काही परत विचारणार नाही.”

मी फळीकडे पाहिलं. आमच्या मासेमारी क्लबची दर एप्रिलात एक शर्यत असते. जिंकणाऱ्यानं ज्या आमिषावर मासा धरला ते दोऱ्यावरून सोडून, ओलं असतानाच, आपल्या नावाच्या पितळी पट्टीखालच्या खिळ्यावर टांगायचं. नियम एकच : खोटं आमिष टांगलं, तर पट्टी जाते आणि ती शर्यत दुसऱ्या नंबरवाल्याची होते. फळीवर अडतीस पट्ट्या आहेत. त्यातल्या नऊ एव्हरेटच्या आणि एक माझी. लायल टार्पली, आठ पौंड नऊ औंस. ह्या गावात माझं नाव कोरलेली दुसरी कुठलीही वस्तू नाही. मेल्यावर एक होईल, पण ती मला वाचता येणार नाही.

त्या दिवशी, तेवीस वर्षांपूर्वी, आम्ही दोघं एव्हरेटच्या होडीत होतो. आमिष निवडणं हा एव्हरेटचा धर्म. त्याच्याकडे एक वही होती : पाणी गढूळ की नितळ, आभाळ, वारा, पाण्याची ऊब, सगळं तिच्यात. नितळ पाण्यात माशाला खरी वाटेल अशी फिकट मासोळी. गढूळ पाण्यात भडक रंग, आणि आवाज करील असं काहीतरी. शेवाळावर रबरी बेडूक. मी ह्यावरची सगळी पुस्तकं वाचलेली होती, त्यामुळे मला काहीच ठरवता यायचं नाही. जांभळं घ्यावं की काळं, ह्या विचारात माझी अर्धी सकाळ जायची, आणि मग एव्हरेट ओरडायचा, “अरे लेका, मासे म्हातारे होतायत!”

आदल्या दिवशीच्या पावसानं पाणी गढूळलं होतं. एव्हरेटनं वही पाहिली आणि स्वतःच्या पेटीतली पांढरी-पोपटी फिरकी माझ्या हातात ठेवली. पितळी पान, रबरी झालर. “हीच बांध. पाण्यात थरथरली पाहिजे. फेक आणि ओढ, फेक आणि ओढ. जमेल ना?”

जमलं नाही. ती दर फेकीला कुठल्यातरी बुंध्यात अडकायची. शिवाय माझ्या कोटाच्या खिशात एक पुस्तक होतं, त्यातली नायिका नुकतीच घर सोडून निघाली होती. एव्हरेट होडीच्या पुढच्या टोकाला, माझ्याकडे पाठ करून. मी गुपचूप फिरकी सोडली आणि एक जांभळं रबरी गांडूळ गळाला लावलं. गांडुळाचा फायदा असा की ते तळाशी जाऊन पडतं आणि कुणाला काही मागत नाही. नायिका स्टेशनवर पोचली तेव्हा काठी वाकली.

एव्हरेट जाळी घेऊन धावला. मासा होडीत आला. “फिरकीवर ना? सांग, फिरकीवर ना?” तो आनंदानं ओरडत होता. गांडूळ माशाच्या घशात होतं, बाहेर काहीच दिसत नव्हतं.

मी मान हलवली. तेवढंच. बोलून खोटं सांगायची माझ्यात कधीच हिंमत नव्हती.

मग तो माशासाठी पाण्याची टाकी उघडायला वळला तेव्हा मी चिमट्यानं गळ काढला, आणि तेव्हा मला दिसलं की मी गांडूळ उलटं लावलं होतं. गळ त्याच्या जाड डोक्यातून घालायचा असतो, म्हणजे बारीक शेपूट मागे वळवळत राहतं. मी तो शेपटीतून घातला होता. डोकं मागे लोंबकळत होतं. शाळेतली पोरंसुद्धा ही चूक करत नाहीत. पुस्तक वाचता वाचता, उलट्या गांडुळावर, धर्माविरुद्ध पकडलेला मासा! मी गांडूळ गळासकट खिशात टाकलं आणि फिरकी परत बांधली. टांगण्यापूर्वी ती पाण्यात बुचकळली, कारण नियम ओल्याचा होता.

एव्हरेट त्या दिवशी पाच पौंडांच्या माशावर दुसरा आला, आणि जिंकल्यापेक्षा जास्त खूश झाला. “निवड माझी होती,” तो सगळ्यांना सांगत सुटला. त्यानं वहीत ते पहिल्या पानावर लिहिलं. त्यानंतर मी कधी सांगणार होतो?

“काढतोयस ना?” व्हर्नेल म्हणाली.

मी फिरकी खिळ्यावरून काढली. ती हातात चमकत होती.

“तेवीस वर्षं मी तिच्यावरची धूळ पुसतेय,” व्हर्नेल शेंगेचं साल टाकत म्हणाली. “इतर सगळ्यांच्या आमिषांचे रंग उडालेत, दातांचे ओरखडे आहेत. तुझी बघ, नव्या नवरीसारखी. आठ पौंडांच्या माशानं हिचा मुका घेतला होता होय?”

माझे कान तापले. “तुला माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलायला वेडी आहे का मी? ‘लायलची फिरकी’ अशी चिठ्ठी लावून किती विकल्या माहितीये? माझ्या छपराचा पत्रा तुझ्या खोटेपणातून आलाय.” ती हसली, मग हसायची थांबली. “पण एव्हरेटला गिऱ्हाइकासारखं नाही फसवायचं रे. तो एकोणऐंशीचा आहे. त्याला वाटतंय, हात त्याचा चुकतोय.”

हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी सहा वर्षं माझ्या पट्टीची काळजी करत होतो. आणि तो तिकडे तळ्याकाठी रीळ कधी हळू, कधी जोरात फिरवत स्वतःलाच दोष देत होता.

तरी मी लगेच लिहिलं नाही. मला वाटलं, उलटं गांडूळ मुळात चालतं तरी का, हे आधी पाहावं. निरुपयोगी कबुली पाठवून काय करायचं? मी तीन दिवस दुपारी दुकानामागच्या धक्क्यावर बसलो. दोन दिवस गांडूळ सरळ लावलं, काही लागलं नाही. तिसऱ्या दिवशी उलटं लावलं आणि पुस्तक उघडलं. सोळाव्या पानावर एक बास लागला, जेमतेम त्या पुस्तकाएवढा.

“काय लागलं?” व्हर्नेलनं खिडकीतून विचारलं.

“पुरावा.”

“मग सोड त्याला. लहान आहे अजून.”

पत्राचे अकरा मसुदे झाले. पहिल्यात मी लाजाळू माणसांच्या स्वभावावर चार पानं लिहिली होती. शेवटी एवढंच उरलं :

‘एव्हरेट, फिरकी नव्हती. सोबतचं जांभळं गांडूळ होतं, उलटं लावलेलं, जसं आहे तसं. मी तेव्हा मान हलवली ते खोटं होतं. तुझ्या हाताची काहीच चूक नाही. हे तळाशी जाऊ दे आणि काहीही करू नकोस. मी त्या वेळी वाचत होतो. नियमाप्रमाणे तो एप्रिल तुझा. पट्टीवर नाव बदलायचं तर मिस व्हर्नेलला फोन कर, भिंतीचा रंग वाळलाय. लायल. ता. क. वहीत पुस्तकाचं नाव लिहायचं असेल तर कळवीन, पण मासा लागला त्या पानाच्या पुढे मी ते वाचलेलं नाही.’

मोज्यांच्या खणातून गांडूळ काढलं. तेवीस वर्षांत ते थोडं चिकट झालं होतं, पण गळ अजून शेपटीतच होता. खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत ठेवलं. फिरकी मी व्हर्नेलला परत दिली. तिनं ती काउंटरवरच्या टोपलीत, विकायच्या फिरक्यांमध्ये टाकून दिली.

पोस्टातली बाई डबी हलवून पाहत म्हणाली, “आत धोकादायक काही नाही ना, मिस्टर लायल?”

“गळ आहे. टोकाला बूच लावलंय.”

तिनं पुडक्यावर शिक्का मारला आणि ते मागच्या गाड्यावर टाकलं. मी हात पुढे केला होता, बहुतेक परत मागण्यासाठी. पण माझ्या मागे रांग होती, आणि माझ्यानं बोलवेना.