कॉफीच्या आधीचा आकडा

स्तामेनाच्या अंगणात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. नदीपलीकडून, पार जिल्ह्याच्या शहरातून माणसं धापा टाकत टेकडी चढून आली होती. प्रत्येकाच्या हातात कॉफीचं पुडकं. पाहुणा रिकाम्या हातानं येत नाही, त्यामुळे बाईचं कपाट दुकानासारखं भरलं होतं. बाई म्हणे गोळीशिवाय रक्तदाब उतरवते. आणि खरंच, सकाळी दोनशेला टेकलेला माणूस दुपारी एकशे सत्तरवर घरी जायचा. दोन दिवस कॉफी सोडून यायचं, बाईच्या हातचा कप प्यायचा, दाब मोजायचा आणि दुपारपर्यंत मेंढीच्या कातड्यावर पडायचं, एवढाच इलाज. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, यंत्रावर. बायका छातीवर क्रूस काढायच्या.

गर्दीत रादोइका ओठ आवळून उभी होती. एकतीस वर्षं तिनं घरोघरी फिरून परिचारिकेचं काम केलं होतं, आता निवृत्त झाली होती. तिचा धाकटा भाऊ व्लास्ता, भट्ट्या बांधणारा गवंडी, दोन महिन्यांपूर्वी इथंच बरा झाला होता आणि रक्तदाबाच्या गोळ्या त्यानं स्वतःच्या हातानं स्तामेनाच्या चुलीत टाकल्या होत्या. त्यांचे वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी कोसळले होते. व्लास्ताला आता अठ्ठावन्न चालू होतं. तिनं समजावलं, रडून पाहिलं, शिव्याही घातल्या. पठ्ठ्या ढिम्म.

आधी तिला यंत्राचाच संशय आला. ओळखीच्या बाईकरवी तिनं ते मागवून आपल्या यंत्राशी ताडून पाहिलं. यंत्र सज्जन निघालं. मग लबाडी होती कुठं?

ती सापडली तिच्याच स्वयंपाकघरात. शेजारीण दाब मोजून घ्यायला आली आणि रादोइकानं सवयीनं आधी कॉफी चढवली. कॉफी झाल्याशिवाय इथं सोयरीक ठरत नाही की भांडण मिटत नाही. एकदम तिचा हात थांबला. एकतीस वर्षं तीसुद्धा प्रत्येक घरी आधी कप संपवायची आणि मग पिशवी उघडायची, नाहीतर घरच्या बाईला वाईट वाटायचं. कॉफीच्या आधीचा आकडा या गावात कुणी पाहिलेलाच नव्हता, तिनंही नाही. तिला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्याच सकाळी ती यंत्र घेऊन टेकडीवर आली होती. व्लास्ता मागोमाग आला, बहीण गावात तमाशा करणार म्हणून धुसफुसत.

स्तामेना कप भरत होती. रादोइका म्हणाली, "आज मी आधी मोजते. मग पाजा काय ते."

स्तामेना गोड हसली. "कोरड्या कपातून दैव बोलत नाही गं. तळाचा गाळ दिसल्याशिवाय काळी नजर कुठं दडलीय ते कळणार कसं?"

"काळी कपातच आहे," रादोइका म्हणाली.

कुणीतरी हसलं. व्लास्ता मात्र तापला. बाही वर सारून बाकावर बसला आणि म्हणाला, "माझ्यावरच मोज, ताई. माझीही दोन दिवस कॉफी बंदच आहे. एकदाचं तुझं समाधान होऊ दे."

तिनं त्याला दहा मिनिटं गप्प बसवलं आणि मोजलं. वरचा आकडा एकशे ऐंशी. गोळ्या चालू असताना तो एकशे चाळीसच्या वर जात नसे. "तू कॉफी पिऊ नकोस, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल," ती म्हणेपर्यंत त्यानं दुहेरी कप नरड्यात ओतलाही होता.

पाऊण तासानं दोनशे सहा. तीन तास मेंढीच्या कातड्यावर मुकाट पडून राहिल्यावर एकशे अठ्ठ्याहत्तर. इतर तिघांचंही तिनं तसंच मोजलं, तसंच निघालं.

मग ती अंगणाकडे वळली. "बाईनं उतरवलं ते फक्त बाईनं चढवलेलं. दोन दिवस कॉफी बंद करायला सांगते ना? रोज पाच कप पिणाऱ्याचं डोकं त्यानं ठणकणारच. ती म्हणते नजर निघतेय. कप पोटात गेला की ठणका थांबतो, आणि सवय मोडलेल्या शरीरात दाब उसळतो. तेव्हाच ती मोजते. तीन-चार तासांत कॉफी ओसरते. आलात तेवढाच दाब घेऊन घरी जाता, फक्त गोळ्या चुलीत टाकून."

स्तामेना यंत्र खणात ठेवून आत गेली आणि कडी लावून बसली. व्लास्ता कातड्यावरून उठला आणि बहिणीजवळ आला. म्हणाला, "गोळ्या आहेत तुझ्याकडे?"

दोघं दवाखान्यातच निघाली होती. उतारावर अक्रोडाच्या झाडाशी त्याचा उजवा पाय फरफटला. तो काहीतरी बोलला, पण शब्द कळले नाहीत. तोंड एका बाजूला ओघळलं होतं.

तो जगला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, दोन महिने गोळ्या बंद होत्या, हे कधी ना कधी होणारच होतं. त्या एका कपानं झालं असं कुणालाच सांगता येणार नाही. रादोइकानं ऐकून घेतलं. कप हिसकावता आला असता, एवढंच ती अजून म्हणते.

कॉफी विष नाही. पण दाब असलेल्यानं किती प्यावी ते डॉक्टरला विचारावं, मोजण्याआधी अर्धा-पाऊण तास कप लांब ठेवावा आणि कुणाच्याही सांगण्यावरून गोळी चुलीत टाकू नये. चमत्कार दाखवणाऱ्याला इतकंच विचारावं, आधी किती होतं?

आता गावात रादोइका कुणाकडे गेली की घरची बाई भांडं चुलीवर ठेवते, पण मोजून होईपर्यंत आच लावत नाही. आणि व्लास्ताच्या घरी, कप समोर आला की तो डावा हात रादोइकापुढे धरतो आणि ती आकडा सांगेपर्यंत कपाला शिवत नाही.