बिब्याचा लेप

पंजाबरावमामांच्या शिरपूरच्या वावरात साधनाने पुरलेल्या पट्ट्या आठवडाभरही टिकल्या नाहीत. वाशिमच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत तिने सोयाबीनच्या कुटाराचा, म्हणजे मळणीनंतर उरलेल्या भुशाचा, कागद बनवून त्यावर कोळशाच्या शाईने रेघा ओढल्या होत्या. मातीतली ओल या रेघांना कळायची आणि शेजारच्या काठीवर बसवलेली छोटी डबी तिचा आकडा मोबाइलवर धाडायची. पीक निघेस्तोवर पट्टीने काम करावं, मग मातीत विरून जावं, प्लास्टिक मागे राहू नये, हा तिचा ध्यास. पण उकरून पाहिलं तर उधईने, म्हणजे वाळवीने, सगळा कागद फस्त केलेला.

"सैपाक चांगला जमला वं तुले," गोजरामामी म्हणाली. "एक घास नाही टाकला त्याईनं."

साधनालाही हसू आलं. पण आता उधईला नकोसा आणि मातीला चालणारा लेप हवा होता. निंबोळीच्या तेलाने रेघा फिसकटल्या, मेण उन्हात पाघळलं. शेवटी तिने बिबे आणले. बिब्याची खूण कपड्यावरून जात नाही, मग मातीत चार महिने तरी टिकेलच, असा तिचा हिशेब.

तेल काढताना हातमोजा फाटला आणि तिच्या अंगावर बिबा उतला. बोटं सुजली, डोळेही सुजून बंद झाले. मामी खोबरं वाटून घेऊन आली.

"कायले खेळली बिब्यासंगं?"

"उधईले पळवाचं होतं, मामी."

"उधईचं मालूम नाही. तू त पडली ना अंथरुणात."

बरी होताच तिने दोन-दोन हातमोजे घालून अगदी पातळ लेप दिला आणि पट्ट्या हरभऱ्यात पुरल्या. या वेळी हिवाळाभर मोबाइल बोलत राहिला. सुरुवातीला तिकडे पाहायलाही तयार नसलेले मामा पुढे मोटार सुरू करण्याआधी साधनाला फोन करू लागले. "वावर काय म्हणून राह्यलं?" एवढंच विचारायचे.

हरभरा निघाला. साधनाने काठीखालची माती उकरली. हाती आली नुसती भुसभुशीत माती आणि दोन गांडुळं. मामांचा चेहरा उतरला.

"कोणं नेली का वं पट्टी?"

"नाही मामा. विरली." ती तिथंच ढेकळांवर बसून हसू लागली.

"गेली म्हणून हासून राह्यली?" मामी म्हणाली.

मामांना मात्र उमगलं. त्यांनी बांधापलीकडच्या शेजाऱ्याला, राजपालला, हाक मारली आणि पुढच्या सोयाबीनसाठी त्याच्याही वावरातली जागा साधनाला न विचारताच पक्की करून टाकली.